मौनाचा वांटा

जुलमी सत्ताधीश मेला, म्हणजे साऱ्या पापांचा भार त्याच्या एकट्याच्या माथीं मारून मोकळें होण्याची मनुष्याची खोड जुनी आहे. परंतु सत्ता कोणी एकट्यानें मिळवीत नाहीं. ती त्याला कोणीं तरी घेऊं दिलेली असते. स्टालिनच्या चरित्राकडे या दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

१९२२ सालीं तो रशियन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. वक्तृत्वांत ट्रॉट्स्की त्याच्याहून सरस होता. सरचिटणीसाचें काम वरवर कारकुनी दिसे. पण कोणाला कोठें नेमावयाचें हें त्याच्या हातीं असे, आणि नेमलेलीं माणसें नेमणाऱ्याचीं होतात. आजारी लेनिननें हा धोका ओळखून, स्टालिनला त्या जागेवरून दूर करावें, असें जानेवारी १९२३ मध्यें लिहवून ठेविलें. त्याच्या मृत्यूनंतर, मे १९२४ मध्यें, तें पत्र पक्षाच्या प्रतिनिधींना वाचून दाखविण्यांत आलें. पण झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह यांना ट्रॉट्स्कीचें भय अधिक वाटत होतें. त्यांनीं स्टालिनची पाठराखण केली. ट्रॉट्स्की गप्प राहिला. ऑगस्ट १९३६ मध्यें त्या दोघांना गोळ्या घालण्यांत आल्या. १९४० मध्यें मेक्सिकोंत ट्रॉट्स्कीचा खून झाला.

पेरलें तें उगवलें, असें कोणी म्हणेल. मला हा न्याय पुरेसा वाटत नाहीं. त्या सोयीच्या मौनाची किंमत, ज्यांना त्या पत्राची वार्ताही नव्हती, अशा लोकांनीं भरली. १९३२-३३ मध्यें युक्रेन व कझाकस्तान येथें लक्षावधि माणसें उपासमारीनें मेलीं. १९३७-३८ या दोन वर्षांत, गुप्त पोलिसांच्याच कागदपत्रांप्रमाणें, ६,८१,६९२ लोकांना राजकीय आरोपांवरून मृत्युदंड झाला. स्टालिनचे पक्षपाती १९४५ चा विजय दाखवितात. विजय खरा, पण तो मिळविणाऱ्या सैन्याचे अनेक सेनापति त्यानेंच आधीं मारले होते, हेंही तितकेंच खरें.

स्टालिन १९५३ मध्यें वारला. १९५६ मध्यें ख्रुश्चेव्हनें त्याच्या अपराधांचा पाढा वाचला व दोष व्यक्तिपूजेवर ठेविला. परंतु १९३७ मध्यें मॉस्कोच्या पक्षशाखेचा प्रमुख तो स्वतःच होता. १९६१ मध्यें स्टालिनचें शव लेनिनच्या समाधिमंदिरांतून हलविलें, स्टालिनग्राडचें नांव बदललें. नांव बदलणें सोपें. आपला वांटा कबूल करणें कठीण.

१९३७ मध्यें बोलणाऱ्याचा प्राण जात होता. त्या मौनाला क्षमा असूं शकेल. १९२४ मध्यें त्या सभागृहांत कोणाच्याही छातीवर बंदूक रोखलेली नव्हती. म्हणूनच तें पहिलें मौन मला अधिक अपराधी वाटतें.