खाटेची चार टोके



"फादर, देव सगळीकडे आहे. मी घरीच प्रार्थना केली तर त्याला ऐकू येत नाही का?" असे कधी कधी विचारले जाते. देव ऐकतो, यात शंका नाही. येशू स्वतः डोंगरावर एकांतात प्रार्थना करीत असे. परंतु तेथून तो पुन्हा लोकांत परतत असे. म्हणून खरा प्रश्न असा : ज्याला इतरांची गरजच वाटत नाही, त्याची श्रद्धा पूर्ण म्हणावी काय?

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील पक्षाघाती माणसाची घटना आहे. दारात एवढी गर्दी, की आत शिरता येईना. तेव्हा चौघांनी छप्पर उघडून त्याला खाटेसकट येशूपुढे सोडले. येशूने त्यांचा विश्वास पाहिला. आजारी माणूस तेथे एक शब्दही बोललेला नाही. आपला विश्वास लुळा पडतो, तेव्हा दुसऱ्यांचा विश्वास आपल्याला उचलून नेतो.

दारातील गर्दीही येशूचेच ऐकायला आली होती. तरी आजाऱ्याची वाट तिनेच अडवली. एकत्र जमणे वेगळे आणि एकमेकांचे होणे वेगळे.

हा फरक आपल्या भागाने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १०,००० माणसे गेली. बाहेरची मदत पोहोचण्याआधी वाचलेल्यांनीच हातांनी दगडमाती उपसली. पुढे बघ्यांचीही गर्दी झाली. माणसे दोन्हीकडे होती. पण हात मातीत घालणारे शेजारी ठरले.

मिस्सेहून परतताना आपण म्हणतो, "आज मला काय मिळाले?" खाट धरणारा असे विचारत नाही. त्याने टोक सोडले, तर खाट कलंडते, आणि पडतो तो दुसराच.

आपल्यातील काही जण येईनासे झाले आहेत. कोणी कामामुळे, कोणी आजारपणामुळे, तर कोणी आपल्याच एखाद्या शब्दाने दुखावून. त्यांना दोष देण्याआधी, आपणच दारात उभे नाही ना, हे पाहू या. या आठवड्यात अशा एका घरी जा. उपदेश करू नका. चहा घ्या, विचारपूस करा, त्यांचे ऐका. खाटेचे एक टोक तुमच्या हाती आहे.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू