उरलेल्या चिंध्यांची सेवा

सज्जनहो, गोधडी शिवून झाली की शिवणारीच्या पुढ्यात चिंध्यांचा एक लहानसा ढीग उरतो. लुगड्याच्या काठाची पट्टी, धोतराचा कोपरा, चोळीच्या खणाचा चतकोर. इतके लहान तुकडे की गोधडीतही त्यांना जागा मिळाली नाही. पुष्कळ घरी त्यांचे पोतेरे होते. पण वारीच्या घरातली म्हातारी ते गाठोड्यात बांधून ठेवते, आणि ज्येष्ठ लागला की त्यातून टाळांची पिशवी, हरिपाठाचे बासन, बुक्क्याचा बटवा आणि डोईवरच्या तुळशीसाठी चुंबळ निघते.

यावर एका सोवळ्याच्या गृहस्थांनी आम्हांस हटकले. म्हणाले, "महाराज, देवाच्या कामाला उरलेसुरले वापरता? द्रौपदीने कृष्णाच्या बोटासाठी भरजरी वस्त्र फाडले, आणि तुम्ही टाकाऊ चिंध्या देता!"

प्रश्न मोलाचा आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण लोकांच्या तोंडी असलेली ती कथा नीट ऐका. बोटाला बांधायला चिंधीच हवी होती. सुभद्रेच्या घरी शालू-पैठण्यांना तोटा नव्हता, ती चिंधी शोधीत राहिली आणि इकडे रक्त वाहत राहिले. द्रौपदीचे मोठेपण जरीत नाही. तिने वेळ लावला नाही, यात आहे. (आमच्या म्हातारीचे गाठोडे सुभद्रेजवळ असते तर तिचीही अब्रू राहिली असती!) आणि जिच्या अंगावरचे लुगडेच दंड घातलेले, तिने भरजरी काय फाडावे?

उष्टे वेगळे आणि उरलेले वेगळे. ताटात टाकलेले ते उष्टे. जपून, धुऊन, घडी करून ठेवलेले ते शिलकीचे. श्रीनामदेवराय शिंप्याच्या कुळात जन्मले, शके ११९२ मध्ये. त्या घरात कातरीखालच्या तुकड्याला कोणी कचरा म्हटले असेल, असे आम्हांस वाटत नाही. श्रीगाडगेबाबांनी तर चिंध्यांचेच वस्त्र अंगावर वागविले. लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. मात्र शिंप्याच्या दुकानातले तुकडे आणाल तर विचारून आणा. ते गिऱ्हाइकाचे कापड असते, आणि चोरीच्या चिंधीत हरिपाठ बांधू नये.

आता कामाचे बोलू. चुंबळीला जुने सुती कापडच घ्यावे. आजकालचे पॉलिस्टर घाम टिपत नाही, सुळसुळते, आणि तुळस डोईवर डगमगते. चिंध्यांना पीळ घालून वेटोळे करावे, वरून काठाची पट्टी आवळून गुंडाळावी व जागोजाग टाके घालावेत. आळंदीपासून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, तेवढी वाट त्या माउलीचा माथा या वेटोळ्यावर अवलंबून असतो. टाळांच्या पिशवीत मध्ये एक जाड पडदा शिवावा, म्हणजे वाटेत टाळ एकमेकांवर आपटत नाहीत. हरिपाठाच्या बासनात आतून मेणकापड लावले तर पावसाची भीती नाही.

टाळांची पिशवी वीतभर धरा. बोटभर अंतराने धावदोऱ्याच्या बारा ओळी बसतात, एका ओळीत साधारण अठरा टाके. दोन्ही बाजू मिळून ४३२ टाके होतात. एकेका टाक्याला 'विठ्ठल' म्हटले तर एकशेआठाच्या चार माळा त्या पिशवीतच शिवल्या गेल्या! नाम मोजून घ्यायचे नसते, हे आम्हांसही ठाऊक आहे. पण "नामाला वेळच मिळत नाही हो" म्हणणाऱ्या मायबाईला हा हिशेब सांगावासा वाटतो.

कारण त्या गृहस्थांचा आक्षेप खरा लागू पडतो तो दुसरीकडेच. कापड उरलेले चालेल. पण आपण देवाला आयुष्यही उरलेलेच देतो. मुलांची लग्ने होऊ देत, शेताचा दावा निकाली लागू दे, मग माळ घालू. तोवर दात गेले, गुडघे गेले, अभंग म्हणायला आवाज राहिला नाही. याउलट ही शिवणारी म्हातारी पाहा. तिला सबंध दिवस कधीच मोकळा मिळाला नाही. भाकरी झाल्यावरचा घटकाभर, नातवंड निजल्यावरचा घटकाभर, असे दिवसाचे तुकडेच तिच्या वाट्याला आले, आणि ते तिने एकही वाया जाऊ दिले नाहीत. तिची माळ तरुणपणीच गळ्यात पडली होती.

एक गोष्ट तेवढी रागाने सांगतो. पंढरीस पोचल्यावर झिजलेली चुंबळ, फाटकी पिशवी चंद्रभागेत सोडण्याची खोड काहींना आहे. गाडगेबाबा ज्या वाळवंटात स्वतः खराटा घेऊन झाडीत, तिथे आपण चिंध्या टाकाव्यात? त्या माघारी घरी आणा, धुवा, उन्हात वाळवा. पुढच्या गोधडीच्या पोटात घालायला त्या लागतील.