बिल्डर निघून गेल्यावर

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा सोसायटीतल्या निम्म्या लोकांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती. ‘अहो चारशे दोन!’, ‘अहो पांढरी ॲक्टिव्हा!’ अशा हाका चालल्या होत्या. वीज गेलेली, मीटर पाण्यात. तळमजल्यावरच्या वॉचमनचं बिऱ्हाड, म्हणजे तो, बायको, दोन पोरं आणि एक शेगडी, आम्ही जिन्याने वर आणलं खरं, पण ठेवायचं कुठे? गच्चीला कुलूप होतं. क्लबहाउसलाही कुलूप, आणि त्याची किल्ली बिल्डरच्या सुपरवायझरकडे. आम्ही राहायला येऊन सात वर्षं झाली तरी त्याचा ताबा सोसायटीकडे आला नव्हता. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘घ्या आत, चहा टाकते.’

सकाळी पाहिलं तर मागची सीमाभिंत आडवी. भिंतीपलीकडे पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. भिंत आमच्या बाजूला पडली म्हणून आमच्या गाड्या गेल्या. पलीकडे पडली असती तर माणसं गेली असती. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर त्याच वर्षीच्या 29 जूनची पहाट आठवा. कोंढव्यात एका सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि 15 माणसं झोपेत दगावली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट घर करून आहे. वस्ती वसण्याआधी तिथे एकच माणूस असतो, तो म्हणजे बिल्डर. शेजारी कुठे भेटतील, पाणी कुठून जाईल, भिंत किती उंच असेल, किल्ली कोणाकडे राहील, हे सगळं तो ठरवतो आणि निघून जातो. पुढची पन्नास वर्षं आपण त्याच्या निर्णयांत राहतो. त्यामुळे बिल्डर ‘समाजासाठी काय करतो’ हा प्रश्न वृक्षारोपणाच्या फोटोंवरून आणि मॅरेथॉनच्या टी-शर्टांवरून सोडवता येत नाही. नकाशा काढताना तो काय करतो, ते पाहावं लागतं.

परिसंवादांत हल्ली ‘रेझिलियन्स’ म्हणतात. मराठीत कोणी त्याला ‘लवचीकता’ म्हणतं, आणि मला योगासनांचा वर्ग आठवतो. आपला शब्द आहे तग. दुष्काळात गाव तग धरतं, तापात पोर तग धरतं. आणि तग एकट्याने धरता येत नाही, हे त्या रात्री आजींच्या स्वयंपाकघरात मला कळलं.

पुण्याला पूर नवा नाही. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. त्यातल्या कित्येक कुटुंबांसाठी सहकारनगर-पर्वतीच्या बाजूला पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. लोकांनी सहकारी सोसायट्या केल्या, वर्गण्या काढल्या, मैदानं राखली. पुढे 2019 ला आंबील ओढ्याने झोडपलं ते याच पट्ट्याला. कात्रजहून येणारा हा ओढा. पेशवाईत नानासाहेबांनी त्याचा प्रवाह वळवला होता, आणि त्यानंतर जो तो आपापल्या सोयीने त्याला वळवत आला. कोणी काठावर राडारोडा टाकला, कोणी स्लॅब टाकून वर पार्किंग केलं, कोणी भिंत आत सरकवली. एकेकाने थोडंथोडंच घेतलं. ओढ्याने एका रात्रीत सगळं एकदम परत मागितलं.

इथे बिल्डरला पहिलं काम आहे, आणि ते फार खर्चाचंही नाही. प्लॉटमधून ओढा जात असेल तर तो पाइपात कोंबू नये. मोरी बांधायची तर पाण्यासोबत ओंडका आणि गादीही वाहत येते, हे धरून बांधावी. सीमाभिंतीच्या तळाशी पाण्याला वाट ठेवावी. भिंतीत एक दार ठेवावं म्हटलं की मात्र बिल्डर हसतो. ‘साहेब, गिऱ्हाईक विचारतं, पलीकडची वस्ती दिसणार नाही ना?’ त्याचं खोटं नाही. भिंत आपणच मागतो. पण भांडी घासायला येणाऱ्या मावशी, प्लंबर, इस्त्रीवाला सगळे पलीकडेच राहतात. पूर आला की त्यांना आमच्या जिन्याची गरज लागते आणि दुसऱ्या दिवशी चिखल काढताना आम्हाला त्यांच्या फावड्यांची.

मोकळ्या जागेचंही तेच. मुंबईत बिल्डरांनी मनोरंजनाची जागा उचलून पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर नेली. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की नियमाने सोडायची ती जागा जमिनीवरच हवी. छतावर लॉन होतं, कुंडीतलं झाड होतं, पण वडाचं झाड होत नाही आणि पाणी मुरत नाही. वडाखालच्या पारावर जे घडतं ते मिनी थिएटरमध्ये घडत नाही. एका ब्रोशरमधल्या चाळीस ॲमेनिटीज मी एकदा मोजल्या होत्या. त्यात नुसतं बसायला ओटा नव्हता. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत 1893 मध्ये सार्वजनिक गणपती बसला, तो काही कोणी बँक्वेट हॉल बांधून दिला म्हणून नव्हे. चाळीला चौक होता, गॅलऱ्या समोरासमोर होत्या. चाळीचे गोडवे गाणं मला पटत नाही, सामाइक संडासाच्या रांगेत जे उभे राहिले आहेत त्यांना ते पटणारही नाही. पण गॅलरी आणि चौक ठेवून संडास घरात आणता येतो, एवढं तरी आर्किटेक्टला जमावं.

पाण्याचं गणित तर बिल्डर सगळ्यांच्या आधी बघतो. आपल्याकडे खाली बेसॉल्ट. पाणी मुरूम आणि खडकाच्या भेगांत साठतं. दोन मजल्यांचं बेसमेंट खणलं की ह्या भेगा उघड्या पडतात आणि महिनोन् महिने पंप लावून ते पाणी गटारात सोडलं जातं. मग इमारत पुरी होते, बोअर कोरड्या पडतात, टँकर सुरू होतात. नव्या उपनगरांत महापालिकेचं पाणी येईपर्यंत पुरवठा मी करीन, असं हमीपत्र बिल्डर लिहून देतो. ते हमीपत्र फाइलमध्ये राहतं आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. खणताना निघालेलं पाणी शेजारच्या सोसायट्यांच्या विहिरींत फिरवणं, भेगा जिथे उघड्या आहेत तिथेच पुनर्भरण करणं, हे भूजलतज्ज्ञाला चार दिवस बोलावून होतं. त्या तज्ज्ञाची फी सॅम्पल फ्लॅटमधल्या झुंबरापेक्षा कमी असावी.

आणखी एक वस्ती आपण मोजतच नाही, ती म्हणजे लेबर कॅम्प. प्रत्येक टॉवरच्या जागी आधी पत्र्याचं एक गाव वसतं आणि उठतं. त्या गावातल्या मुलांचं काय? रजनी परांजपे आणि बिना लष्करी यांनी 1988 मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘डोअरस्टेप स्कूल’ पुण्यात साइटवर वर्ग भरवते. ‘तारा मोबाईल क्रेशेस’ साइटवर पाळणाघरं चालवते. बिल्डरने द्यायचं काय, तर एक हवेशीर खोली, वीज, पाणी आणि खर्चातला वाटा. काही देतात, बरेच देत नाहीत. एका साइटवर तीन वर्षांची पोरगी दोरीने खांबाला बांधलेली मी पाहिली आहे. आई विटा वाहत होती. पोर पडू नये म्हणून दोरी. मी तिथे फ्लॅट बघायला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरचा व्ह्यू छान होता.

चांगलं उदाहरण विचाराल तर मगरपट्टा सांगेन, थोड्या कुरकुरीसह. हडपसरच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 हून अधिक एकर जमीन एकत्र केली आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढून आपणच बिल्डर झाले. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. घरातल्या पोरांनी वाहतुकीची, बांधकामाची कंत्राटं घेतली. एरवी शहर अंगावर आलं की शेतकरी जमीन विकतो, पैसा गाडीत आणि लग्नात जातो, आणि दहा वर्षांनी त्याच जागेवरच्या टॉवरच्या गेटवर त्याचा मुलगा वॉचमन होतो. इथे ते टळलं. कुरकुर अशी की गेटच्या आत सगळं नेटकं आणि बाहेर हडपसरचा रस्ता जसाच्या तसा. एका वस्तीने तग धरायचा आणि शेजारणीने बुडायचं, असं फार काळ चालत नाही. पाणी गेटपास बघत नाही. तरीही मुद्दा उरतोच: इथला बिल्डर काम झाल्यावर निघून जाणारा नव्हता, त्याचं घर तिथेच होतं.

प्रत्येक बिल्डरने तिथेच राहावं असं कोण म्हणेल? जावंच त्याने, पण सगळं सोपवून. 1963 च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याखाली सोसायटी नोंदली गेल्यावर चार महिन्यांत जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतर, करून द्यायचं असतं. ते इतक्यांनी दिलं नाही की 2008 मध्ये कायदा दुरुस्त करून बिल्डरशिवायही जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून ‘मानीव अभिहस्तांतरण’ नावाची वाट काढावी लागली. जमीन नावावर नाही म्हणजे भिंत कोणाची, मोरी कोणाची, दुरुस्ती कोणी करायची, सगळं अधांतरी. आमची भिंत पडल्यावर पहिले तीन महिने ह्याच वादात गेले. ज्या बिल्डरला वस्तीचं भलं करायचं आहे, त्याने आरोग्य शिबिर भरवण्याआधी कागद द्यावेत. ड्रेनेजचे नकाशे द्यावेत, सांडपाण्याचा एसटीपी चालवायला शिकवावा, आणि पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा सगळ्या बिऱ्हाडांना एकत्र बसवावं. नावं तेव्हाच पाठ होतात.

आता पाडवा येतोय, पेपरांची पहिली पानं बुकिंगच्या जाहिरातींनी भरतील. जाणार असाल तर सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा असतो, तो घेऊन जा आणि सेल्सच्या पोराला त्यावर ओढा दाखवायला सांगा. मग मजूर कुठे राहतात ते बघून या. आणि क्लबहाउसची किल्ली कोणाकडे राहणार, हे लेखी मागा.