चार पट, पाच पट

या दोघांना मी कल्पनेनेच समोरासमोर बसवलं आहे. मामा सिन्नर तालुक्यातले. त्यांची दीड एकर जमीन नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गात गेली. भाचा त्या काळात 'संवादक' होता. रस्ते विकास महामंडळाने गावोगावी अशी माणसं नेमली होती. शेतकऱ्यांशी बोलायचं, शंका फेडायच्या, कागद जुळवून द्यायचे, हे त्यांचं काम. माणसं कल्पित असली तरी त्यांच्यातला पेच कल्पित नाही. दोघं मामांच्या उरलेल्या शेताच्या बांधावर बसले आहेत. पुढे कुंपण, आणि कुंपणापलीकडे ताशी १२० च्या वेगाने जाणाऱ्या गाड्या.

मामा : तुमच्या फायलीत मला काय म्हणायचे रे?

भाचा : भागधारक.

मामा : भागधारक म्हणजे शेअर घेतो तो. मी तर विकून मोकळा झालो.

भाचा : काही कागदांत 'हितसंबंधी' असंही असायचं.

मामा : नको. हितसंबंधी म्हटलं की काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं वाटतं. भागधारकच बरं. आता एक सांग. तू पहिल्यांदा बॅग घेऊन ओसरीवर आलास, तेव्हा नकाशावर रेघ मारून झाली होती का?

भाचा : झाली होती. दहा जिल्हे, ७०१ किलोमीटर, रुंदी १२० मीटर.

मामा : मग विचारायला कशाला आलास?

भाचा : रस्ता कुठून जाणार ते ठरलं होतं, मामा. कसा जाणार ते बाकी होतं. विहिरीची किंमत वेगळी धरली गेली, डाळिंबाची झाडं एकेक मोजली गेली. पलीकडच्या तुकड्याला पाणी न्यायला पाइप कुठून टाकायचा, गुरं कुठल्या बोगद्यातून न्यायची, हे बोलल्याशिवाय कळलं असतं का? इंजिनिअरच्या नकाशात गुरं नसतात.

मामा : ते खरं. पण तू हेही म्हणालास की नाही म्हणालात तर चार पट, हो म्हणालात तर पाच पट.

भाचा : नियमच तसा होता. बाजारमूल्य, ग्रामीण भाग म्हणून त्याची दुप्पट, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम; झाले चार. राजीखुशीने थेट खरेदीखत केलं तर वर पंचवीस टक्के, झाले पाच. नाही म्हटलं तर सक्तीचं संपादन, आणि ते पंचवीस टक्के गेले. मी लपवायला हवं होतं का?

मामा : लपवलं असतंस तर बरं झालं असतं. मग मी तुला लबाड म्हटलं असतं आणि मोकळा झालो असतो. तू खरं बोललास, म्हणून माझी अडचण झाली. तलाठ्याने तेच सांगितलं असतं तर ती धमकी झाली असती. तू भाचा, शेजारी बसून, चहा पीत सांगितलंस, तर तिचा सल्ला झाला. वाक्य एकच.

भाचा : म्हणजे माझ्या चांगुलपणाचाच दोष?

मामा : तुझा पगार त्या चांगुलपणाचाच होता.

(भाचा इथे गप्प होतो. मला विचाराल तर मामांचा हा टोला पूर्ण न्यायाचा नाही. ओळखीचं माणूस मध्ये नसतं तर गुरांचा बोगदा कुणाच्या लक्षात आला असता? पण तो चुकीचाही नाही. मोठ्या प्रकल्पांत 'लोकांशी संवाद' नावाचं जे खातं असतं, त्याची गोची नेमकी इथे आहे. ते जितकं प्रामाणिक, तितकी आधीच झालेल्या निर्णयाची धार बोथट होते.)

भाचा : बरं, उलटं धरा. प्रत्येकाचं 'नाही' चालवून घेतलं असतं, तर ७०१ किलोमीटरमध्ये एकाने पाय रोवला की रस्ता तुटला. तुमचा टोमॅटो वाशीला पोहोचायला लागणारी रात्र तशीच राहिली असती.

मामा : माझ्या 'नाही'ने रस्ता अडावा असं मी कुठे म्हणतो? पण 'नाही' म्हटल्यावर विचारणाऱ्याचंही काहीतरी अडलं पाहिजे. इथे काय होतं? मी 'नाही' म्हटलं तर नुकसान माझं. ज्या प्रश्नाच्या उत्तराने विचारणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही, तो प्रश्न कसला? ती वर्दी.

भाचा : फरक पडला होता. विसरलात तुम्ही. आधी थेट खरेदी नव्हतीच. जमीन द्या आणि बदल्यात विकसित भूखंड घ्या, अशी योजना होती, आंध्रातल्या अमरावतीसारखी. तुमच्या शेजारच्या शिवड्याने मोजणी अडवली, बाकी जिल्ह्यांतही लोक उठले. म्हणून २०१७ मध्ये रोख पाच पट आले. ती तुमच्या 'नाही'चीच कमाई.

मामा : गावाच्या 'नाही'ची. ते मोजलं गेलं, कबूल. पण माझ्या ओसरीवर बसलेला मी एकटा होतो. एकट्याच्या 'नाही'ची किंमत उणे एक पट. आणि माझं तरी सातबाऱ्यावर नाव होतं. माझा वाटेकरी चौदा वर्षं हीच माती कसत होता. त्याच्या ओसरीवर गेलास का कधी?

भाचा : नाही गेलो. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या आहे. तीन वर्षं तिथे राबणारा मजूर, वाटेकरी, कारागीर, सगळे त्यात येतात. पण थेट खरेदी म्हणजे साधं खरेदीखत, मामा. त्यात दोनच माणसं. घेणारा आणि देणारा.

(शंभर वर्षांपूर्वी मुळशीतही हीच फट होती. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांमुळे तो आपल्या आठवणीत आहे. पण तिथल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. मोबदल्याचा सौदा सावकारांना पटण्यासारखा होता, कसणाऱ्या मावळ्यांना नव्हता. कागदावरचा माणूस राजी झाला की मातीवरच्या माणसाचं 'नाही' हवेत राहतं. आज सावकार गेला, पण कागद आहेच.)

भाचा : कागदाचं निघालंच आहे तर एक विचारू?

मामा : विचार की.

भाचा : तुमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात अजून एक नाव होतं.

मामा : ...तुझ्या आईचं.

भाचा : आजोबा गेल्यावर लागलेलं. थेट खरेदीला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. तिने सही केली नसती तर खरेदीखत झालंच नसतं. तुम्ही नाही म्हणालात तर एक पट जाणार होती. ती नाही म्हणाली असती तर पाचही अडकणार होत्या. ज्याच्या 'नाही'ने समोरच्याचं काही अडतं असं माणूस तुम्ही शोधताय ना? ते आपल्याच घरात होतं.

मामा : तिने आनंदाने हक्कसोड दिली. माहेर राहावं म्हणून बहिणी देतातच. मी तिला साडी घेतली, दिवाळीला पोरांना कपडे केले...

भाचा : मी ते नाकारत नाही. मीच तिला रजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेलो होतो. मीच सांगितलं, आई, इथे अंगठा नको, सही कर, तुला येते. काय लिहिलंय ते तिने विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. मीही नाही.

मामा : नाही म्हणाली असती तर तिला मी तोडलं असतं का?

भाचा : ते तुम्हाला ठाऊक. तिला ठाऊक नव्हतं. तिच्या 'नाही'ची किंमत माहेर, एवढंच तिला दिसत होतं. तुम्ही तरी मला विचारलंत, रेघ आधी मारली होती का म्हणून. तिने तेवढंही विचारलं नाही.

(दोघंही बराच वेळ बोलत नाहीत. कुंपणापलीकडून एक ट्रेलर जातो, बांधावरच्या मातीला बारीक कंप सुटतो. संवादकाने आपल्या आईशी संवाद केला नाही, असं वाक्य मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं. जरा जास्तच नेटकं होतं, आणि भाच्याला ते माझ्या आधीच कळलेलं दिसतंय.)

मामा : तिला पैसे द्यायला हवे होते म्हणतोस?

भाचा : मी पैशाचं बोलतच नाही. विचारायला हवं होतं.

मामा : आता विचारून काय होणार आहे? रस्ता झाला, गाड्या धावतात.

भाचा त्यांच्याकडे नुसता पाहतो. मामांनाही आपलंच वाक्य ऐकू आलं असावं. ते खिशातून मोबाइल काढतात, बहिणीचं नाव शोधतात, अंगठा वर धरून थांबतात.

मामा : दुपारची झोपलेली असेल ती.

मोबाइल पुन्हा खिशात जातो.