बीज आणि वखार

निपाणीत तंबाखूच्या वखारीवरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो. आत बाया पदर तोंडाला बांधून चाळण करीत बसलेल्या असतात. त्यांतल्या एकीच्या दोन मुली माझ्या शाळेत होत्या. थोरली तिसरीतून सुटली आणि आईबरोबर वखारीत गेली. धाकटी नर्स होऊन बेळगावात स्थिरावली. आज पन्नाशीत थोरलीला चार पायऱ्या चढताना धाप लागते. धाकटी ठणठणीत आहे.

शिक्षणाने आरोग्य सुधारते, असे आम्ही शिक्षक अभिमानाने सांगत आलो. जनुकशास्त्रज्ञ मात्र विचारतात, ज्या बीजामुळे मूल शाळेत टिकते, त्याच बीजामुळे ते निरोगीही राहत नसेल कशावरून? शंका पोकळ नाही. डेन्मार्कमधल्या जुळ्या भावंडांची तुलना केली तेव्हा शिक्षण आणि आयुर्मान यांचा संबंध बराच सैल झालेला दिसला. सख्ख्या बहिणींतही सरासरी निम्मीच जनुके सामाईक असतात. तेव्हा या दोघींवरून मी काही सिद्ध करू शकत नाही.

पण डेन्मार्कची जुळी दोघेही शाळेत गेलेली, फरक काही वर्षांचा. इथला फरक वर्ग आणि वखार यांतला आहे. वर्गात बसलेल्या मुलीच्या छातीत तेवढा वेळ तंबाखूची धूळ जात नाही, हे कळायला रक्त तपासावे लागत नाही. थोरलीला दवाखान्यातला फलक ना कानडीत वाचता येतो, ना मराठीत.

आइसलंडमध्ये 2018 साली सुमारे 21 हजार जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईबापांची जी जनुके मुलात उतरलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम आढळला. उतरलेल्यांच्या सुमारे 30 टक्के. म्हणजे रक्तातून न आलेले घरातून येते. आहार-आरोग्यात तर आईचा वाटा बापाहून अधिक दिसला. आणि ती आईच दिवसभर वखारीत असेल तर? (1981 साली तंबाखूच्या भावासाठी इथे शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. चाळणारीच्या श्वासाचा भाव कुणी मागितला?)

त्या आईला मीच म्हणालो होतो, "धाकटी हुशार आहे, तिला शिकवा. थोरलीचं डोकं चालत नाही."

"हात तर चालत्यात की, गुर्जी," ती म्हणाली.

पुढे कधीतरी थोरलीला चष्मा लागला. तेव्हा कळले, तिला फळ्यावरचे दिसतच नव्हते.