आधी गावाला विचारा

पावसाळा लागला की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतून वृक्षारोपणाच्या बसगाड्या डोंगराकडे निघतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नफा असलेल्या कंपन्यांना 2013च्या कंपनी कायद्यानुसार तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पर्यावरणाचं कामही त्यात येतं. रोपं लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, घामही खरा असतो. तरी एक गोष्ट बहुधा राहून जाते. ज्या गावच्या डोंगरावर खड्डे घेतले, त्या गावाला विचारायचं राहतं.

हे विचारणं परवानगीच्या कागदापुरतं नाही. गुरं कुठे चरतात? सरपण कुठून येतं? या मुरमात कोणतं झाड तग धरतं? चैत्र-वैशाखात रोपांना पाणी कोण घालणार? झाड मोठं झालं की त्याचं फळ कुणाचं?

खेड, आंबेगाव, जुन्नर तालुक्यांच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रांगेत महादेव कोळी समाजाची गावं आहेत. तिथल्या अनेक घरांत रोख पैसा येतो तो बाळहिरड्यातून. हिरड्याची कोवळी फळं काढायची, उन्हात वाळवायची आणि विकायची. जून 2020मध्ये निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं उन्मळली, तेव्हा अनेक घरांचं पुढच्या कित्येक वर्षांचं उत्पन्न गेलं. नवं रोप लावून ते लगेच भरून येत नाही. झाडाची किंमत या लोकांना आपण शिकवावी अशी परिस्थितीच नाही. सह्याद्रीतल्या कित्येक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा दंडक गावांनी पिढ्यानपिढ्या पाळला. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या देवरायांचा अभ्यास केला आणि लोकांनी राखलेलं हे रान शास्त्राच्या नोंदीत आलं.

गावाच्या हाती निर्णय दिला की काय होतं, हे विदर्भात दिसलं. वनहक्क कायदा 2006चा. त्यानुसार 2009मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मेंढ्याची ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत बोलत राहते. स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना तिच्या हाती पडायला मात्र एप्रिल 2011 उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012मध्ये असाच हक्क मिळाला. त्या गावानं बांबू विकला, पण तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, झाडाला फळ धरत नाही. हाताशी आलेला पैसा गावानं आपणहून सोडला.

पाचगावला हे जमलं, कारण जंगल त्यांचं होतं आणि ठरवणारेही तेच होते. बाहेरच्यानं सोडायला लावलं असतं तर तो दंड ठरला असता. ज्याला हक्कच नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

न विचारण्याची किंमत आपल्या पट्ट्यानं पाहिली आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथं पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ती जलवाहिनी पिंपरी-चिंचवडला पाणी आणण्यासाठीच होती. आपल्या नळाचं पाणी ज्या डोंगरांतून येतं, तिथल्या माणसांचं आपण देणं लागतो. देणेकऱ्यानं उपकार केल्याच्या आवेशात त्यांच्या दारात जाऊ नये.

म्हणून पुढच्या वृक्षारोपणाची तारीख ठरवण्याआधी एक संध्याकाळ त्या गावच्या ग्रामसभेत बसा. भाषण करू नका, ऐका. त्याहीआधी आपल्याच कारखान्यात चौकशी करा, डोंगराकडच्या गावांतून आलेली मुलं कंत्राटावर काम करताना भेटतील. कदाचित गाव म्हणेल, रोपं नकोत, हिरडा वाळवायला आणि साठवायला जागा द्या. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी नकाशा करायला माणूस द्या. वणवा विझवायला साधनं द्या. यात फोटो काढण्यासारखं काही नसेल, पण ते गावाला हवं असेल.

आणि गाव ‘नको’ म्हणालं, तर तेही मान्य करा. ‘नको’ ऐकायची तयारी नसेल, तर आपण विचारलंच नव्हतं.