वडीलधाऱ्यांच्या हातचे काम



पुंडलिकाने आईबापांची सेवा केली आणि देव विटेवर तिष्ठत राहिला, ही कथा आपण नित्य ऐकतो. पण सेवा या शब्दाचा आपण अलीकडे भलताच अर्थ करून बसलो आहो, असे आम्हांस वाटते. सासूबाई तुळशीला पाणी घालायला उठल्या की सून म्हणते, "राहू द्या आई, तुम्ही बसा." आजोबा धोतर नेसू लागले की मुलगा घाईने नेसवून मोकळा होतो. यात माया आहे, नाही कशाला म्हणा! पण बसवून ठेवलेले माणूस बसूनच जाते. म्हातारपणी स्नायू आपणहून झिजतात. त्यात आठपंधरा दिवस अंथरूण धरले, की पायांतले बळ झपाट्याने ओसरते, आणि गेलेले बळ परत यायला त्याच्या कितीतरी पट दिवस लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वार्धक्यावर अहवाल काढला. निरोगी म्हातारपण म्हणजे नुसता रोग नसणे नव्हे. ज्यात माणसाला मोल वाटते ते करता येण्याची ताकद टिकणे, असे तीत धरले आहे. ही ताकद निम्मी शरीरात, तर निम्मी घरात असते, असे आम्ही म्हणू. मोठी कळशी उचलत नसेल तर लहान तांब्या द्या, पण पाणी त्यांनाच घालू द्या. न्हाणीघरात धरायला भक्कम दांडी बसवा, ओल पुसा, रात्री दिवा ठेवा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरावी, हे पुष्कळांस ठाऊकच नसते. हरिपाठाची अक्षरे दिसेनाशी झाली तर पोथी गुंडाळून ठेवू नका. आधी मोतीबिंदू आहे का, ते डॉक्टरांस दाखवा. एकाएकी चालणे सुटले किंवा बोलणे भरकटले, तर "वय झाले" म्हणून स्वस्थ बसू नका.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सगळी वाट झेपत नसेल तर एक मुक्काम चालावा, तोही नसेल तर गावच्या देवळापर्यंत. ज्यांना जुन्या चाली येतात त्यांना भजनात पुढे बसवा, मागे भिंतीशी नको.

वेळ लागतो, हे खरे. धोतराला अर्धा तास लागतो आणि तुमची एस.टी. सुटते. मग अर्धा तास आधी उठवा! आणि कोणते काम सुटले म्हणून जिवाला लागते, ते एकदा त्यांनाच विचारा. उत्तर बहुधा लहानच मिळेल : वाती वळणे, फुले ओवणे, नातवाला काकड्याला उठवणे.